नुसतं 'बरी'

हिंदी सिनेमातलं न्यायालय ज्यानं एकदा तरी पाहिलंय, त्याला ते वाक्य पाठ असतं. 'तमाम गवाहों के बयानात और सबूतों को मद्देनजर रखते हुए यह अदालत मुलजिम को बाइज्जत बरी करती है.' मराठी घरांतसुद्धा हे वाक्य हिंदीतच म्हटलं जातं, त्याचं मराठी करण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. 'बाइज्जत' हा शब्द त्यात इतका घट्ट बसलेला आहे की तो कायद्याच्या पुस्तकातूनच आला असावा, असं वाटतं.

तो तिथून आलेला नाही. आपल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात 'बरी करणे' आहे, 'बाइज्जत बरी करणे' नाही. १९३४ साली कलकत्ता उच्च न्यायालयानं एका निकालात स्पष्ट म्हटलं होतं की 'सन्मानपूर्वक मुक्त' हा शब्दप्रयोग न्यायालयांना अपरिचित आहे, तो लष्करी न्यायालयांसारख्या ठिकाणचा दिसतो. १९७३ च्या संहितेनं तो घेतला नाही आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनंही घेतला नाही. इंग्रजीतलं क्रियापद 'अ‍ॅक्विट'. हिंदी बोलीत त्याचं 'बरी करना' झालं. दोन्हीकडे ते एकटं उभं आहे, त्याला पायरी नाही, दर्जा नाही.

या क्रियापदाविषयी मला लिहायचं आहे, कारण ते आमच्या घरात एका माणसाच्या वाट्याला आलं आणि आजूबाजूच्या लोकांनी ते त्याला पुरतं मिळू दिलं नाही.

आमचं घर माळव्यातलं. होळकरांच्या मागे आलेल्या अनेक मराठी कुटुंबांसारखं, घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी. अशा घरात 'बरी' हा शब्द दोन वाटांनी आत येतो. मराठीत 'ती बरी झाली' म्हणजे ताप उतरला, हिंडूफिरू लागली. हिंदीत 'वह बरी हो गई' म्हणजे न्यायालयानं तिला आरोपातून मोकळं केलं. उच्चार एक, लिपी एक, पण शब्दांची कुळं वेगळी. मराठी 'बरा-बरी-बरं' संस्कृत 'वर'कडून आलेला, चांगला, श्रेष्ठ या अर्थाचा. हिंदी 'बरी' अरबीतून फारसीमार्गे आलेला, आणि तो स्त्रीलिंगी-पुल्लिंगी असा बदलत नाही: भाऊही बरी, बहीणही बरी. गंमत अशी की त्या अरबी धातूत दुखण्यातून उठणं हाही अर्थ आहेच. शिवाय कर्जातून, जबाबदारीतून मोकळं होणं हाही. उर्दूत 'बरीउज्जिम्मा' म्हणजे ज्याच्या डोक्यावर आता देणं उरलेलं नाही तो. शब-ए-बरातमधल्या 'बरात'चा अर्थ मुक्ततेची रात्र असा लावतात, तोही याच धातूवरून.

इंग्रजी 'अ‍ॅक्विट'चा प्रवास ऐकला की मला नेहमी भरून येतं, कारण तोही तिथूनच निघतो. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ देणं फेडणं, हिशेब चुकता करणं असा होता. एक शब्द युरोपातून आला, एक अरबस्तानातून, आणि दोघांच्याही मुळाशी तेच, सावकाराच्या वहीतलं नाव खोडलं गेलेला माणूस. वहीतलं नाव खोडताना कुणी असं लिहीत नाही की 'खोडलं, पण जरा शंका आहे'.

हिंदीत हे क्रियापद वापरायची रीतही बघण्यासारखी आहे. 'बरी' हे विशेषण, त्याला 'करना' लावलं की कर्ता न्यायालय होतं: 'अदालत ने उसे बरी किया'. 'होना' लावलं की कर्ता आरोपी: 'वह हत्या के आरोप से बरी हुआ'. आरोप नेहमी 'से'नं जोडायचा. माणूस आरोपापासून वेगळा केला जातो, ही कल्पना त्या 'से'मध्ये आहे. त्याच्या शेजारी दुसरे दोन शब्द राहतात आणि लोक तिन्हींची सरमिसळ करतात. एक 'रिहा'. रिहा होणं म्हणजे तुरुंगाचं दार उघडणं, मग ते जामिनावर का उघडेना. दुसरा 'छूट गया'. आपल्याकडच्या 'सुटला'सारखाच हा शब्द. यात न्यायालयाचा पत्ताच नाही. जणू हातात आलेला मासा निसटला. बाजारात, ओट्यावर, लग्नाच्या पंगतीत हाच शब्द चालतो. 'वो तो छूट गए ना?' असं कुणी विचारलं की त्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण त्यात आरोप खरा होता हे धरूनच ठेवलेलं असतं.

कायद्याच्या अधिकृत हिंदीनं यातलं काहीच घेतलं नाही. स्वातंत्र्यानंतर विधी शब्दावली तयार करताना संस्कृताचा आधार घेतला गेला, आणि 'बरी'च्या जागी 'दोषमुक्त' आलं. त्याच्या जोडीला 'उन्मोचित' आलं, तेही फार महत्त्वाचं आहे. 'उन्मोचित' म्हणजे इंग्रजी 'डिस्चार्ज'. खटला उभा राहण्याआधीच, आरोप निश्चित करण्याच्या टप्प्यावर, न्यायाधीशांना कागद पाहून वाटलं की याच्यावर खटला चालवण्याइतकं काही नाही, तर तो उन्मोचित. साक्षीपुरावे झाले, उलटतपासण्या झाल्या, युक्तिवाद झाले, आणि मग मोकळा केला, तर तो दोषमुक्त, म्हणजे बरी. फरक नुसता शब्दांचा नाही. बरी झालेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. ही हमी राज्यघटनेच्या अनुच्छेद २० च्या मागे उभ्या असलेल्या जुन्या तत्त्वातली आहे, आणि जुन्या संहितेच्या कलम ३०० मध्ये, नव्या संहितेच्या कलम ३३७ मध्ये ती सविस्तर लिहिलेली आहे. उन्मोचित माणसाला ती नाही. नवा पुरावा सापडला तर त्याला पुन्हा उभं केलं जाऊ शकतं.

इथे मराठी वाचकाची एक अडचण होते. आपल्या बातम्यांत 'दोषमुक्त' हा शब्द बहुतेकदा 'डिस्चार्ज'साठी वापरतात. अमक्याचा दोषमुक्तीचा अर्ज फेटाळला, असं आपण वाचतो तेव्हा खटला अजून सुरूच व्हायचा असतो. 'अ‍ॅक्विट'साठी आपण 'निर्दोष मुक्तता' म्हणतो. म्हणजे भोपाळच्या वर्तमानपत्रातला 'दोषमुक्त' आणि मुंबईच्या वर्तमानपत्रातला 'दोषमुक्त' ही दोन वेगळ्या टप्प्यांवरची माणसं आहेत. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांच्याबद्दल बोलताना आपण सगळे 'बरी झाले', 'निर्दोष सुटले' म्हणतो. त्यांच्यावर खटलाच चालला नाही. सीबीआयनं आरोप खोटे असल्याचा अहवाल दिला, १९९६ मध्ये न्यायालयानं तो स्वीकारून त्यांना मोकळं केलं. बरी होण्यासाठी आधी खटल्याला सामोरं जावं लागतं, तेवढीही वेळ त्यांच्यावर यायला नको होती. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्यांना ५० लाख रुपयांची भरपाई देवविली.

पण 'निर्दोष मुक्तता' हा मराठी शब्दप्रयोग मला मनापासून आवडतो. कायदा एवढंच सांगतो की आरोप सिद्ध झाला नाही. मराठी एक पाऊल पुढे टाकून म्हणते, निर्दोष. हिंदीला जे सांगायला 'बाइज्जत' जोडावं लागतं, ते मराठी न मागता देते. पेशवाईच्या आणि त्याआधीच्या कागदांत दिव्य केलेल्या माणसाबद्दल 'खरा जाहला' असं लिहीत. उकळत्या तुपातेलातून धातूचा रवा काढायचा, हात बांधून मोहर करायची, तिसऱ्या दिवशी सोडून बघायचं. पद्धत क्रूर होती, ती गेली हे चांगलंच झालं. निकालाचे शब्द मात्र थेट माणसाबद्दल बोलत. खरा जाहला. त्यापुढे काही नाही.

आता बरी होण्याच्या वाटा. त्या लोकांना वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. सरकारी पक्षाचा पुरावा संपल्यावर आरोपीविरुद्ध काहीच नाही असं दिसलं, तर बचावाचे साक्षीदार न बोलावताच सत्र न्यायालय त्याला मोकळं करतं. पूर्ण खटल्यानंतर करतं ते तर नेहमीचं. समन्सच्या खटल्यात फिर्यादी तारखेला आलाच नाही, तर आरोपी बरी होऊ शकतो. तडजोड होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात दोघांनी तडजोड केली, तर तिचाही परिणाम मुक्ततेचाच. सरकारनं खटला मागे घेतला आणि तोवर आरोप निश्चित झालेले असले, तरीही मुक्तता. आणि एक वाट अशी, जिच्याबद्दल फार थोडे लोक बोलतात: कृत्य याच माणसानं केलं, पण तेव्हा त्याचं मन ठिकाणावर नव्हतं, असं ठरलं तर न्यायालय त्याला बरी करतं, आणि त्याच आदेशात त्याला सुरक्षित कोठडीत किंवा नातलगांच्या हवाली ठेवायला सांगतं. एकच क्रियापद या सगळ्यांना पुरून उरतं.

काकांची वाट नेहमीचीच होती. पूर्ण खटला.

काका एका तालुक्याच्या गावी सहकारी संस्थेत हिशेबाचं काम करत. वसुलीच्या रकमेत तफावत निघाली, वरच्यांनी बोट खाली दाखवलं, आणि कलम ४०९ लागलं. विश्वासानं सोपवलेल्या पैशाचा अपहार. तेव्हाच्या दंडसंहितेत या कलमाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, हे घरात कुणालाही आधी माहीत नव्हतं. अटकेची बातमी गावातल्या हिंदी पत्रात नावासकट आली. मग वर्षानुवर्षं तारखा. साक्षीदारांतले दोघे निवृत्त होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले, एक मूळ खतावणी मिळेचना, हस्ताक्षरतज्ज्ञांचा अहवाल आला तो ठाम काही न सांगणारा. निकाल लागला तेव्हा काका निवृत्तीच्या वयाला आले होते.

त्या निकालाची प्रत मी पुढे कितीदा वाचली. मध्य प्रदेशातल्या खालच्या न्यायालयांचं हिंदी एका ठरावीक लयीत चालतं, आणि शेवटच्या परिच्छेदांत ते जवळजवळ मंत्रासारखं होतं. 'अभियोजन अपना मामला युक्तियुक्त संदेह से परे प्रमाणित करने में असफल रहा है. अतः अभियुक्त को संदेह का लाभ देते हुए धारा 409 के आरोप से दोषमुक्त किया जाता है. अभियुक्त के जमानत मुचलके भारमुक्त किए जाते हैं.' मुचलके म्हणजे जामिनाची बंधपत्रं. ती भारमुक्त होतात. कागदावरचं ओझं उतरवायला न्यायालयाकडे शब्द आहे, हे वाचून मला त्या भाषेबद्दल आदर वाटला. (२००९ पासून तर कायद्यात अशीही तरतूद आहे की वरच्या न्यायालयात अपील झालं तर हजर राहीन, असं सहा महिन्यांचं बंधपत्र आरोपीनं निकालाआधीच लिहून द्यायचं. म्हणजे बरी झाला तरी सहा महिने एक दोरी कमरेला असते.)

माझं सगळं दुःख अडतं ते 'संदेह का लाभ देते हुए' या पाच शब्दांशी. मराठीत आपण 'संशयाचा फायदा' म्हणतो. न्यायाधीशांचा हेतू वाईट नसतो, हा शब्दप्रयोग इंग्रजीतून आलेला आणि रुळलेला आहे. पण तो ऐकणाऱ्याच्या कानावर कसा पडतो? लाभ. फायदा. जणू न्यायालयानं उदार होऊन काही पदरात टाकलं. खरं तर आरोप संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षावर असते, ती पहिल्या दिवसापासून असते, आणि ती पार पडली नाही तर मोकळं होणं हा त्या माणसाचा हक्क असतो. ज्यानं काही घेतलंच नव्हतं, त्याला निकालपत्रानं सांगितलं की तू फायदा घेऊन चालला आहेस. काकांच्या शेजाऱ्यांनी निकाल वाचला नव्हता, पण तो एक वाक्प्रचार त्यांच्यापर्यंत पोचला. 'संदेह का लाभ मिल गया उन्हें.' काकू हे वाक्य ऐकून घरात आल्या आणि त्यानंतर त्यांनी त्या ओट्यावर बसणं सोडलं.

मराठी बातमीदारांकडेही याचा एक नमुना आहे: 'पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता'. निर्दोषही म्हणायचं आणि त्याच दमात पुरावा मिळाला नाही म्हणून, असंही. मी हे मथळे वाचते तेव्हा विचारावंसं वाटतं, की पुराव्याच्या अभावाशिवाय माणूस दुसऱ्या कशानं निर्दोष ठरतो? काही न केलेल्या माणसाविरुद्ध पुरावा नसणारच. त्याची निर्दोषता आणि पुराव्याचा अभाव या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

हा केवळ शेजाऱ्यांचा प्रश्न असता तर वेळेनं मिटला असता. पण सरकारी नोकरीच्या कायद्यानं ही पायरी आत घेतली आहे. तमिळनाडूतल्या एका पोलिसाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या नोव्हेंबरात पुन्हा सांगितलं की 'सन्मानपूर्वक मुक्तता' हे शब्द फौजदारी संहितेला किंवा दंडसंहितेला ठाऊक नाहीत, ते न्यायनिर्णयांतून घडले आहेत, आणि त्यांची नेमकी व्याख्या करणं अवघड आहे. सगळा पुरावा तपासून सरकारी पक्ष पार अपयशी ठरला असेल, तर कदाचित ती सन्मानपूर्वक मुक्तता म्हणता येईल, असं न्यायालयानं म्हटलं. त्या प्रकरणात साक्षीदार फितूर झाले होते, म्हणून त्या पोलिसाची मुक्तता सन्मानाची धरली गेली नाही आणि खात्यानं केलेली बडतर्फी कायम राहिली. व्याख्या करता येत नाही म्हणायचं आणि त्याच शब्दावर एखाद्याची भाकरी ठरवायची, हे मला पटत नाही. विभागीय चौकशीत पुराव्याची पातळी वेगळी असते, हा युक्तिवाद मला समजतो. खात्यानं आपल्या चौकशीवर उभं राहावं. फौजदारी न्यायालयाच्या 'बरी'ला मोजपट्टी लावून त्यात पहिला वर्ग, दुसरा वर्ग करू नये.

नोकरीला लागताना भरायच्या साक्षांकन नमुन्यात विचारलेलं असतं, तुम्हाला कधी अटक झाली होती का, तुमच्यावर कधी खटला चालला होता का. शिक्षा झाली होती का, एवढाच प्रश्न नसतो. बरी झालेल्या तरुणाला तिथे 'हो' लिहावं लागतं, आणि न लिहिलं तर माहिती लपवली म्हणून नोकरी जाते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी याबाबत मार्गदर्शक सूत्रं दिली. गुन्हा गंभीर असेल, आणि मुक्तता तांत्रिक कारणानं किंवा संशयाच्या फायद्यानं झालेली असेल, तर नेमणूक करणारा त्याच्या पूर्वचारित्र्याचा विचार करू शकतो, असं त्यात आहे. म्हणजे निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात न्यायदंडाधिकाऱ्यानं सवयीनं लिहिलेली ती ओळ पुढे कुणाच्या तरी पोलीस भरतीच्या यादीपर्यंत जाऊन पोचते. निकाल लिहिणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट डोळ्यांपुढे ठेवावी असं मला फार वाटतं.

वर 'रिहा' आणि 'बरी' यांतला फरक सांगितला. रिहा आहे पण बरी नाही, अशी माणसं जामिनावर लाखो असतील. बरी आहे पण रिहा नाही, असा माणूस बिहारच्या मुजफ्फरपूरच्या तुरुंगात होता. रुदुल साह त्याचं नाव. पत्नीच्या खुनाच्या आरोपातून सत्र न्यायालयानं त्याला ३ जून १९६८ रोजी बरी केलं. तो बाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. चौदा वर्षांहून अधिक काळ तो निर्दोष माणूस म्हणून तुरुंगात राहिला. सर्वोच्च न्यायालयानं विचारल्यावर तुरुंगाकडून सांगण्यात आलं की तो वेडा होता. तो कधी वेडा झाला, कुणी तपासलं, काय उपचार केले, याचा समाधानकारक कागद नव्हता. १९७७ मध्ये त्याची प्रकृती ठीक असल्याचं वरिष्ठांना कळवलेलं होतं, तरीही पुढची साडेपाच वर्षं तो आतच होता.

१ ऑगस्ट १९८३ रोजी या प्रकरणाचा निकाल सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी लिहिला. पुण्यात वाढलेला, मराठी शाळेत शिकलेला हा न्यायाधीश. त्यांच्यासमोर अडचण होती ती कायद्याची: बंदीप्रत्यक्षीकरणाच्या अर्जात न्यायालय माणसाला सोडवू शकतं, पण पैशाची भरपाई देऊ शकतं का? माणूस तर आधीच सुटला होता. चंद्रचूडांनी म्हटलं की जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काची पायमल्ली झाल्यावर नुसता सुटकेचा आदेश देऊन थांबलं, तर त्या हक्काला अर्थ उरणार नाही. बिहार सरकारनं आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज आणखी ३०,००० रुपये अंतरिम म्हणून द्यावेत, आणि रुदुल साहला नुकसानभरपाईचा दावा वेगळा लावायची मुभा राहील, असा आदेश झाला. मूलभूत हक्क मोडल्याबद्दल राज्याला थेट पैसे द्यायला लावण्याची वाट आपल्याकडे या निकालानं उघडली. आज रक्कम वाचून जीव कासावीस होतो. पण 'बरी' हे क्रियापद निकालपत्रात लिहून पुरत नाही, ते तुरुंगाच्या दारापर्यंत पोचवावं लागतं, हे त्या निकालानं राज्याच्या गळी उतरवलं.

ती वाट पुढे रुंद झाली नाही. गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर २००२ च्या सप्टेंबरात हल्ला झाला. त्या खटल्यात शिक्षा झालेल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयानं १६ मे २०१४ रोजी बरी केलं, त्यांतल्या तिघांना फाशी सुनावलेली होती. तपासातल्या अक्षम्य त्रुटींवर त्या निकालात कडक ताशेरे आहेत. नंतर त्यांनी भरपाई मागितली ती २०१६ मध्ये नाकारली गेली. महाराष्ट्रातल्या एका २००३ सालच्या भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी झाली, २००९ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि २०१९ च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयानं आपलाच निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. त्यांना प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायचा आदेश राज्य सरकारला झाला. एकाला मिळतं, दुसऱ्याला मिळत नाही, कारण कायदाच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या सूचनेवरून विधी आयोगानं २०१८ च्या ऑगस्टमध्ये २७७ वा अहवाल दिला, चुकीच्या खटल्यांना बळी पडलेल्यांना भरपाई कशी द्यावी याचा. त्यात विशेष न्यायालयं सुचवली होती, सोबत दुरुस्तीचा मसुदाही जोडला होता. नवी संहिता लिहिली गेली तेव्हा तो मसुदा तिच्यात आला नाही. विनाकारण अटक करवल्याबद्दल न्यायदंडाधिकारी फिर्यादीला जी भरपाई द्यायला लावू शकतो, तिची जुन्या संहितेतली मर्यादा १,००० रुपये होती, नव्यातही तेवढीच आहे.

हल्ली यात शोधयंत्रांची भर पडली आहे. निकाल जालावर असतात, ते असायलाच हवेत, न्यायालय उघड्यावर चालतं यातच लोकांची सुरक्षा आहे. पण नाव टाकलं की आरोप आधी दिसतो आणि शेवटच्या पानावरचा 'दोषमुक्त' वाचायला कुणी थांबत नाही. अमली पदार्थांच्या खटल्यातून बरी झालेल्या एका विद्यार्थ्यानं याबद्दल दाद मागितली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये तो निकाल शोधात येऊ नये असा अंतरिम आदेश दिला. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयानं तशाच मागणीला नकार दिला, कायदा नसताना असं करता येणार नाही म्हणून. मला वाटतं निकाल राहावा, नाव झाकावं. बलात्कार पीडितेचं नाव आपण झाकतो, अल्पवयीन आरोपीचं झाकतो. ज्याला न्यायालयानं आरोपापासून वेगळं केलं, त्याचं नावही आरोपापासून वेगळं करायला काय हरकत आहे?

काकांच्या प्रकरणाला जाल लागलं नाही, ते त्याआधीचं. गावातल्या पत्रानं अटक छापली होती, मुक्तता छापली नाही. चुलतभाऊ निकालाची प्रत घेऊन त्या कचेरीत गेला. तिथल्या माणसानं सांगितलं, जाहिरात म्हणून देता येईल, ओळीच्या दरानं. भावानं पैसे भरले आणि मजकूर स्वतः लिहिला. त्यात त्यानं काकांचं नाव, कलम, न्यायालय आणि तारीख घातली, 'संदेह का लाभ' घातला नाही, 'बाइज्जत'ही नाही. 'बरी किया गया', एवढंच. कचेरीतल्या माणसानं विचारलं, 'बाइज्जत' लिखना है क्या, एक ही शब्द बढ़ेगा. भाऊ म्हणाला, नहीं, अदालत ने जितना कहा है उतना ही छापिए, वो पूरा है.

जाहिरात गुरुवारी आली, बाजाराच्या दिवशी.